बर्फीला उद्यानात लेखी मनाई मिळणेबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल,
राष्ट्रीय उद्यान, मुंबई.

अर्जदार : चिंतामणी गुणाजी परुळेकर, सेवानिवृत्त हेडक्लार्क, काळाचौकी, मुंबई.

विषय : पाळीव कुत्री उद्यानात आणण्याची परवानगी नाकारून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या फाटकावरील पाटी.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या लग्नाला येत्या १२ तारखेला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. लग्नानंतरची पहिली सहल आपल्याच उद्यानात झाली असल्याने, तेथेच जाऊन घरचा डबा खाण्याचे ठरले आहे. तथापि अर्जदाराची पत्नी सौ. नलू यांनी "बर्फी येणार नसेल तर मीही येत नाही" असे कळविले आहे. बर्फी ही गणपतीच्या मंडपात सापडलेली, सहा वर्षांची, पांढरी कुत्री होय.

२. पाळीव प्राण्यांना आत मनाई आहे, हे अर्जदाराने घरी तोंडी सांगितले. परंतु "तोंडी चालणार नाही, लेखी आणा" हा नियम अर्जदारानेच नोकरीत असताना घरात लागू केला होता. गॅस संपल्याचेही सौ. नलू यांना चिठ्ठीने कळवावे लागे. आता तोच नियम अर्जदाराच्या गळ्यात पडला आहे.

३. शेजारच्या हेरंबने पाटीचा फोटो काढून आणला. त्यावर "हल्ली मोबाइलवर काय वाट्टेल ते बनवतात" असा अभिप्राय मिळाला. अर्जदार स्वतः फाटकावर जाऊन आला. "काका, आत बिबट्या आहे, कुत्र्याला नका आणू," असे सुरक्षारक्षकाने अत्यंत आपुलकीने सांगितले. घरी बिबट्या वगळून एवढेच कळविले असता "त्याची सही कुठाय?" अशी विचारणा झाली.

४. अर्जदाराला बर्फी नकोच आहे, असा सौ. नलू यांचा समज आहे. त्यास अर्जदारच जबाबदार आहे; "हिला घरात घेतली कोणी?" असे तो सहा वर्षे रोज न चुकता म्हणत आला. वस्तुस्थिती अशी की, बिबट्याचे नाव ऐकल्यापासून अर्जदार रात्री दोनदा उठून बर्फी जागेवर आहे ना, याची खातरजमा करतो. दुपारी घरात कोणी नसताना बर्फी त्याच्या पायावर डोके ठेवून झोपते आणि तो तासभर पाय हलवत नाही. तिला काही झाले तर अर्जदाराला सहन होणार नाही. ही बाब कृपया गोपनीय ठेवावी.

५. सबब, सदर अर्ज त्वरित नामंजूर करून तसे सौ. नलू यांना शिक्क्यानिशी कळवावे. कारण फक्त "नियमानुसार" लिहावे. बिबट्या लिहू नये, त्या घाबरतील. अर्जदाराने परवानगीसाठी फार आग्रह धरला, असा उल्लेख करता आल्यास उपकार होतील.

आपल्या नकाराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
चिं. गु. परुळेकर
दि. २ डिसेंबर २०२४

सोबत : १. बर्फीचा फोटो (परत मिळावा).
२. तिकीट लावलेले पाकीट.
३. नकाराचा मसुदा, फक्त सहीसाठी.

स्थळप्रत : घरच्या फाईलला.

(स्थळप्रतीवर निळ्या शाईत शेरा)

अहो, स्थळप्रत फाईलला लावायची सवय काही सुटत नाही तुमची. फाईल आवरते कोण? मीच ना! एवढा जीव आहे तिच्यावर, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं? बर्फी त्या दिवशी खालच्या जोॲनाकडे राहील, मी विचारून आले. डबा करते. आपण दोघंच जाऊ. साहेबांना उगाच त्रास नको.

अर्ज नामंजूर.

नलू