माझा गाळा आणि जगातली मोठी शहरे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळ दुरुस्ती, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी दुकानात येऊन, डोळ्यांत बॅटरी मारून तसे सांगितले. डोके ठिकाणावर असले तरी त्यात गोंधळ असू शकतो, हेही त्यांनीच सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला दोन्ही मुलांना वेळ नाही. याआधी मी लिहिलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, मग ती कोणत्याही खणात सापडोत.

आज घाई आहे, कारण थोड्या वेळातच थोरल्याचा फोन येईल आणि त्याला माझे उत्तर हवे आहे. त्याचे म्हणणे, गाळा वरच्या खोलीसकट टॉवर बांधणाऱ्यांना विकून मी परदेशात त्याच्याकडे कायमचे जावे. धाकटीचेही म्हणणे विकावा असेच, पण शहरासाठी. ती महापालिकेत, आपले शहर जगातल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीत कसे बसेल हे पाहणाऱ्या खात्यात आहे. एकाला आई तिकडे हवी, दुसरीला टॉवर इथे हवा. मला काय हवे ते मला ठरवता आलेले नाही.

कलम एक. गाळा व वरची खोली, माझ्या स्वकष्टार्जित मालकीची, थोरल्याला द्यावी, मात्र तो कायमचा परत आला तरच. (हे कलम पुढे बदलण्याची शक्यता आहे. कोणी घाईने वाचून उठू नये.)

कलम दोन. अवजारे, म्हणजे चिमटे, भिंगे, तेलाच्या कुप्या आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, शेजारच्या चष्मेवाल्याला द्यावीत. त्यातला सर्वात बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याकडे आधीच आहे. दोन मिनिटांसाठी म्हणून नेला होता. माझ्या दिराला गजराचे जुने घड्याळ द्यावे. यजमान गेल्यावर मी दुकान उघडले तेव्हा "बाईमाणूस आणि घड्याळं उघडणार?" असे तो चार लोकांत बोलला होता. गजर मी पहाटेचा लावून ठेवला आहे आणि तो बंद करायची कळ काढून टाकली आहे.

कलम तीन. बँकेच्या मोठ्या दालनातल्या घड्याळांची देखभाल माझ्याकडे होती, ती आता कोणी करावी हे बँकेने पाहावे. भिंतीवर ओळीने जगातल्या मोठ्या शहरांची घड्याळे आणि मधोमध आपल्या शहराचे. एकदा थोरल्याच्या शहराचे घड्याळ थोडेसे मागे पडले, तर तीन साहेब कोट सावरत दुकानात हजर. पुढे मधले, आपले घड्याळ बंद पडले. मी पंधरवड्याच्या फेरीला गेले तेव्हा काट्यांवर धूळ होती. कोणी विचारलेसुद्धा नव्हते.

मी धाकटीला म्हटले, "तुझ्या खात्याला सांग, उत्तर मिळालं. ज्याचं घड्याळ चुकलं की दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, ते मोठं शहर."

"आई, असं नसतं गं," ती म्हणाली. "तिथला बाजार किती वाजता उघडतो त्यावर बँकेचे व्यवहार असतात. बंदर लागतं, विमानतळ लागतो, विद्यापीठं लागतात, मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या लागतात."

"एवढं सगळं आपल्याकडे आहे की."

"आहे, पण निर्णय तिकडे होतात."

तिचे बरोबरच असणार. ती शिकलेली आहे आणि खोटे बोलत नाही.

कलम चार. हे खरे तर कलम नाही, पण लिहून ठेवते. ते निर्णय कुठे होतात हे पाहायला मी एकदा थोरल्याकडे जाऊन आले. शहर अफाट आहे, नाही म्हणत नाही. पुलावर उभी राहिले तर मान दुखेपर्यंत इमारती. पण माझा मुलगा जमिनीखालच्या मजल्यावर बसून दुसऱ्यांचे हिशोब तपासतो आणि त्याच्या टेबलाशी खिडकी नाही. राहायची खोली माझ्या गाळ्याहून लहान. मी विचारले, "अरे, निर्णय कोण घेतं इथे?" तो हसला आणि म्हणाला, "वरच्या मजल्यावर घेत असतील. मी कधी गेलो नाही." तरी तो खुशीत होता. रस्त्यातून चालताना त्याची छाती फुगलेली असायची. एवढी ताकद शहराची, तर ती माझ्या मुलाच्या वाट्याला किती आली, हे मला अजून समजलेले नाही.

कलम पाच. वरच्या खोलीत जी भाडेकरू राहते, ती इस्पितळात परिचारिका आहे. दूरच्या, दुसऱ्या देशातल्या लहानशा गावाहून आली, आणि आता आपली भाषा माझ्याहून चांगली बोलते. गेल्या आठवड्यात ती सेलवर चालणारे एक साधे भिंतीवरचे घड्याळ घ्यायला खाली आली.

"आईकडे पाठवायचंय, मावशी. तिचं बंद पडलं."

"तिकडे घड्याळं मिळत नाहीत?"

"मिळतात हो. पण तिला इथलंच हवंय. ती दोन घड्याळं लावते, एक तिचं आणि एक माझं."

"तुझं म्हणजे?"

"म्हणजे इथली वेळ. मी कधी जेवले, कधी कामावर गेले, ते बघत बसते."

मी खुर्चीत बसले. गाळ्यामागच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर थोरल्याच्या वेळेचे घड्याळ टांगलेले आहे, ते या मुलीने रोज पाहिले आहे. मी मात्र इतकी वर्षे थोरल्याच्या शहराला मनात शिव्या घातल्या, माझे पोर ओढून नेले म्हणून. आपले शहरही तेच करते हे माझ्या गावीही नव्हते. मी धाकटीला फोन करून विचारले, "मग आपलं शहर मोठं झालं का गं?" ती म्हणाली, "आई, हे कुठल्या रकान्यात बसवू मी?" अभिमान वाटावा की लाज वाटावी, तेही तिला सांगता येईना.

कलम सहा. आताच थोरल्याचा फोन येऊन गेला. डॉक्टर आणि चष्मेवाला समोर बसले होते, त्यांनी ऐकले आहे.

"आई, ठरलं का?"

"तू ये परत. गाळा तुझ्या नावावर करते. आत्ता लिहितेच आहे."

"मी येऊन काय करू गं? तुमच्याकडे आता..." आणि तो थांबला.

'तुमच्याकडे' म्हणाला, 'आपल्याकडे' नाही. याच गाळ्यात, याच काउंटरखाली तो झोपायचा.

"चुकून बोललो, आई."

"चुकून नाही रे बाळा. तू तिथला झालास. हरकत नाही. पण मी येत नाही. मला तिथे नुसतं बसायला लागेल."

तो रडला. एवढा मोठा माणूस, एवढ्या मोठ्या शहरात. मीही रडले. चष्मेवाल्याने खिशातले फडके पुढे केले, त्याला भिंगे पुसायच्या औषधाचा वास होता.

तेव्हा कलम एक रद्दबातल. गाळ्याची मालकी धाकटीला. वरची खोली मात्र भाडेकरूकडे राहील, बिनभाड्याने, आणि तिने तिच्या आईला आणून तिथे ठेवावे. दोघींना राहायचे तोवर टॉवरवाल्यांनी थांबावे. धाकटे, तू रागावशील. टॉवरने शहर मोठे होत असेलही, मला कळत नाही, मी ते खोडून काढत नाही. पण निदान एका आईला भिंतीवरचे दुसरे घड्याळ उतरवता येईल, एवढे माझ्या हातात आहे. थोरल्याला काही ठेवलेले नाही. त्याला हवे ते तिथे आहे, असे तो म्हणतो.

कलम सात. मी गेले की थोरल्याला लगेच फोन करू नये. त्याच्याकडे सकाळ होऊ द्यावी, त्याचा चहा होऊ द्यावा, मग धाकटीने स्वतः सांगावे.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: सही करताना बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. रडलेल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार दुसरा, शेजारचा चष्मेवाला: काकूंनी माझ्यासमोर सही केली. कलम दोनमधला एक आरोप मला मान्य नाही.

ठिकाण: माझा गाळा, काउंटरच्या मागे.

तारीख: सहीशेजारी दोन तारखा दिसतील. खोडलेली कालची आहे. ती सवयीने पडली, थोरल्याकडे अजून कालचाच दिवस चालू आहे. न खोडलेली इथली आहे, तीच धरावी.