अकरा जास्वंदी आणि पांढरी फौज

इस्लामपूर, बुधवार

मेव्हणे विश्वजीतराव यांस, सेवानिवृत्त सुभेदार हंबीररावचा रामराम. सांगलीत सगळे खुशाल असतीलच. फोन उचलवत नाही इतकी बोटं दुखत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. (चार दिवसांत सतरा फोन केले, म्हणून हे पत्र.)

तुमची बहीण राजेश्वरी लेकीचं नवं घर लावून द्यायला आटपाडीला गेली, ती अंगणातल्या अकरा जास्वंदी माझ्या ताब्यात देऊन. माझी बदली झाली की ती दारात एक जास्वंद लावायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जाताना एवढंच म्हणाली, "आवं, जपा ह्यास्नी. तुमच्या माघारी मी ह्यांच्याशीच बोलत हुते."

आठवड्यात फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. मला वाटलं, काहीतरी बहर असेल. दोन दिवस कौतुकानं जास्त पाणी घातलं. मग तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही (शेतकी कोर्स अर्धा सोडूनही ज्ञान पूर्ण बाळगणारे) लगेच निदान केलंत, "दाजी, पिठ्या ढेकूण हाय. लय सोपं हाय, साबणाचं पाणी मारा." कुठला साबण, किती पाणी, असले किरकोळ तपशील तुम्ही मोठ्या मनानं माझ्यावर सोडलेत. मी भांड्यांचा अख्खा साबण एका बादलीत विरघळवला. ढेकणांची छान आंघोळ झाली. पानं तेवढी करपली.

तुमचा दुसरा सल्ला : हातानं वेचा. तीन सकाळी चष्मा लावून, स्टुलावर बसून वेचत होतो. त्यांत काही चांगलेच मोठे, झिपरे आणि चपळ निघाले. हे त्यांचे अधिकारी असणार, असं ताडून मी आधी त्यांनाच चिरडलं. तेवढ्यात रोपवाटिकेच्या बनुबाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं सुभेदार, ह्यो ढेकूण न्हाई! ढेकूण खाणाऱ्या भुंग्याची अळी हाय. द्राक्षबागवाले मुद्दाम आणून सोडत्यात." म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नाही, ते तुमच्या मार्गदर्शनाखाली केलं. आपल्याच कुमकेवर हल्ला!

किडक्या फांद्या छाटून पिशवीत बांधून टाका, असं बनुबाई म्हणाल्या. किडकी नाही अशी फांदी शोधत मी तासभर फिरलो. आता दारात अकरा खुंट उभे आहेत. राजेश्वरी शुक्रवारी येते. बर्फातल्या चौकीवर घातली नव्हती, इतकी गस्त आता अंगणात घालतोय.

तुमच्या सल्ल्यांतून अजून जिवंत,
हंबीरराव

ता.क. : राजेश्वरीनं दिलेल्या फांदीची जास्वंद तुमच्या दारात आहे म्हणे. तिच्या अकरा फांद्या घेऊन शुक्रवारी सकाळी या, आणि राजेश्वरीसमोर पहिले तुम्ही उभे राहा. सख्ख्या भावावर ती जरा हळू ओरडते.

ता.क. दुसरा, गुरुवार : पाकीट चिकटवायच्या आत ती एक दिवस आधीच आली. खुंटांभोवती फिरली. मी सावधानमध्ये उभा. म्हणाली, "उन्हाळा लागला की दरसाल मी अशाच छाटते. फुटत्यात परत. तुमी कवा बघितलंय?"

खरंच बघितलं नव्हतं हो. तिच्यासाठी चहा केला.

तर फांद्या नकोत. तुमची जास्वंदही लय वाढलीय आणि माझा हात आता बसलाय, असं तुमच्या बहिणीचं मत आहे. रविवारी कात्री घेऊन दोघंही येतोय.