डाव्या हाताचा आशीर्वाद

आई, तू ब्रिस्टलला आलीस तो नव्वदच्या आसपासचा उन्हाळा सकाळपासून डोक्यात घोळतोय. नातीला भरतकाम शिकवायचं म्हणून तू पुण्याहून रंगीत दोऱ्यांची पिशवी आणली होतीस. पण माझी लेक पडली डावखुरी. तिनं डाव्या हातात सुई धरली की तू ती काढून उजव्यात द्यायचीस, टाका वाकडा पडायचा, आणि ती रुमाल फेकून जिना चढायची. "इट्स नॉट फेअर, आजी! मी नाही शिकणार." तू मला म्हणायचीस, "तुझ्यावर गेलीय. तुला लागलं उजव्या हाताचं वळण, हिलाही लागेल." मी आपली भांडी घासत राहायचे. तुझ्या परतीला आठवडा उरला होता आणि तुम्ही दोघी एका टेबलावर जेवतही नव्हतात.

घरात धुसफुसत बसण्यापेक्षा बरं म्हणून एका पावसाळी दुपारी मी तुम्हाला म्युझियममध्ये नेलं. तिथे जुने छाप, म्हणजे कागदावर छापलेली चित्रं, मांडले होते. चारपाचशे वर्षांपूर्वी चर्चच्या भिंतींसाठी येशूच्या गोष्टींचे मोठाले पडदे विणायचे. त्या पडद्यांसाठी काढलेल्या चित्रांवरून हे छाप केलेले. तू एकापुढे थबकलीस. जाळ्यात मासे, होडीत बसलेला येशू. "अगं बाई, हा डाव्या हातानं आशीर्वाद देतोय!" इतक्या मोठ्यांदा, की खुर्चीवरच्या राखणदार बाई उठून आल्या. त्यांनी सांगितलेलं लेकीनं तुला मराठीत सांगितलं, "आजी, विणणारा पडद्याच्या मागून विणतो. पुढून सुलटं दिसायला चित्र मुद्दाम उलटं काढायचे. हा छाप त्या उलट्या चित्राचा आहे." नंतर मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचलं, बाईंचं खरं होतं. तुला मात्र पुस्तक लागलं नाही. "म्हणजे रुमालाची मागची बाजू," म्हणालीस, चपला काढल्यास आणि चक्क हात जोडलेस. "आजी, स्टॉप इट, लोक बघतायत!" म्हणत लेक हसत सुटली. किती दिवसांनी हसली होती तुझ्यापाशी!

घरी आल्यावर तू तिला शेजारी बसवत नाहीस, समोर बसवतेस. "आरशात बघतेस तसं बघ माझ्याकडे. माझा उजवा, तुझा डावा." तू टाका घालतेस, ती घालते. साखळी सरळ येते. मी चहा गाळायचं विसरून दारात उभी. तू वर न बघता म्हणतेस, "तुलाही समोर बसवायला हवं होतं गं."

आता तिची मुलगी शिकतेय. ती उजवी निघाली, तरी लेक तिला समोरच बसवते आणि "माझा डावा, तुझा उजवा" म्हणते. ऐकून मला तूच बोलल्यासारखं वाटतं.

हे पत्र तुझ्या त्या दोऱ्यांच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? आणि एक सांगते. वरच्या पहिल्या चार ओळी कोंबडीच्या पायांसारख्या आल्यात ना, त्या मी डाव्या हातानं लिहिल्यात. मग बोटं दुखली, पेन उजव्यात घेतलं. उद्या पाच लिहीन.