काचेच्या कॅबिनेटमधला फोटो

प्रिय बाबा,

आज मी तुझा फोटो त्या काचेच्या कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि आत्याशी कडाडून भांडले. ती तुझ्यापुढे गाऱ्हाणं घालणारच, म्हणून आधी मीच लिहितेय.

अरे, ते कॅबिनेट कंप्युटरचं होतं! माझ्या गेमिंग पीसीचं! तेराव्याला रिकामं दिसलं म्हणून आत्यानं त्यात तुला हार घालून बसवलं, वर लाल दिवा लावला. येणारा-जाणारा म्हणतो, "काय मस्त देवारा केलाय!" तू आयुष्यभर होडीवर, उघड्यावर राहिलेला माणूस. काचेत कोंडायला तू काय शोभेची वस्तू आहेस?

ते निवडताना आपण किती वाद घातला, आठवतं? मला मोठं, बंद पत्र्याचं हवं होतं. आपल्या राजोडीची समुद्राकाठची खारी हवा, काचेचे नखरे कशाला? तू फोनवरची चित्रं बघून हटून बसलास. "काचेचाच घे. झाकलेला इंजिन कवा गंजला ते कलत नाय." आणि लहानच का? तर तुझ्या खिडकीजवळच्या फळीवर दोन वितींचीच जागा होती, आणि जाळं विणता विणता तुला माझा खेळ बघायचा होता.

मी ऐकलं आणि फसले. ग्राफिक्स कार्ड जागेपेक्षा एक बोट लांब निघालं, आत जाईचना. तू जाळ्याचं भोक मोजावं तशी कॅबिनेटमध्ये बोटं घातलीस. "फुडचा पंखा काढ आनी मागं लाव. दीड बोट जागा भेटंल."

"बाबा, हे जाळं नाहीये! तुला काय कळतं त्यातलं?" केवढ्यानं ओरडले मी! तू हात काढून घेतलास आणि बाहेर जाऊन बसलास.

आठवड्याभरात तू गेलास. छातीत दुखत होतं तर सांगायचं नाही का रे? माझ्या कार्डाचं माप घ्यायला तुला वेळ होता, डॉक्टरकडे जायला नव्हता? हा राग अजून तसाच आहे.

आज आत्या रडत म्हणाली, "माझ्या भावाला घरातशी काढतेस?" मी म्हटलं, "नाही, त्याच्या जागेवर बसवतेय." मग तावातावानं स्क्रू ड्रायव्हर घेतला, पुढचा पंखा काढून मागे लावला.

कार्ड सरकन आत गेलं. शिवाय अर्धं बोट जागा उरली.

तू बरोबर होतास, बाबा. ओरडायला तू समोर होतास, आता हे कबूल करायला मी कुठे येऊ?

तुझा फोटो खिडकीपाशी लावलाय, फळीसमोर. पीसी पुरा झाला की काचेची बाजू तुझ्याकडे करीन. दर रविवारी आतले स्क्रू बघीन, गंज धरलाय का ते. आणि पंखा मागे का म्हणून कुणी विचारलं, तर सांगेन, माझ्या बाबांनी बोटांनी मोजलं होतं.

तुझी तोंडाळ पोर,
दीपाली