एकशे शहाऐंशी

उस्ताद, तुम्ही गेल्यावर दुकानातली तुमची एकच चीज माझ्याजवळ राहिली, तो हातात मावणारा क्रिकेटचा व्हिडिओ गेम. सौदीहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने तुम्हाला खुशीने दिलेला. मंगरूळपीरची आपली घड्याळांची टपरी अजून डोळ्यांसमोर आहे. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून तुम्ही दोन्ही अंगठ्यांनी तो इवलासा काळा बॅट्समन खेळवता आहात, मी मागून वाकून पाहतो आहे. एकशे शहाऐंशी झाले आणि कोणीतरी घड्याळाला पट्टा बसवून मागितला. तुम्ही मान वर केली, तेवढ्यात दांडी उडाली. "पट्ट्यापायी विकेट गेली ना माही," म्हणालात, आणि त्या माणसाला पट्टा उलटा बसवून दिलात.

सगळ्यात जास्त रनांचा आकडा तो गेम लक्षात ठेवतो, पण आत सेल असेपर्यंतच. म्हणून जुने दोन सेल काढण्याआधी बाहेरून तारेने दुसरे जोडायचे, हे तुम्हीच शिकवलं. इतकी वर्षं मी तसंच केलं. नात म्हणते, "आजोबा, यात तं काईच नाही," आणि तासभर सोडत नाही. ती दीडशेच्या पुढे गेली की माझा जीव घाबरा होतो, मी तिला पाणी मागतो.

तुमची लेक कारंजाहून दर उरुसाला येते. तुम्ही कधी स्वतःचा फोटो काढू दिला नाही, म्हणून ती येऊन म्हणते, "चाचा, अब्बाचे रन दाखवा." आकड्यावरून अंगठा फिरवते आणि मग चहा घेते.

यंदा मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मुलाकडे जायचं होतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, कुलूप लावलं तरी चारदा ओढून पाहतो. जायच्या दिवशी वाटलं, मागे सेल गळला तर? एकदा बंद घड्याळात मी सेल तसाच ठेवला होता आणि मशीन सडलं होतं. तेव्हाचे तुमचे बोल कानात वाजले. "काहून ठेवला बे आत? सातवीपर्यंत शिकला, एवढं नाही समजत? चीज बंद ठेवायची तं पहिले सेल काढ." तुमचं ऐकून हात आपोआप चालले. दोन्ही सेल तळहातावर आले तेव्हा कळलं मी काय केलं ते. लगेच परत बसवले. काचेवर शून्य होतं. मी एसटी सोडून दिली, भिंतीला टेकून बसून राहिलो.

मग ऑपरेशन पुढे ढकललं आणि खेळत बसलो. धुरकट डोळ्यांनी बॉल दिसत नाही, म्हणून आवाजावर खेळायचो. कधी नव्वद, कधी एकशे चाळीस. एकदा चौका लागून एकशे एकोणनव्वद झाले, तर स्वतःच सेल काढून सगळं पुसलं. शेवटी एका दुपारी बरोबर एकशे शहाऐंशीवर आलो. पुढचा बॉल येताना टिक टिक ऐकत होतो. दोन्ही अंगठे बटणांवरून उचलले.

तुमची लेक परवा येऊन गेली. तिने आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अब्बा इथंच हायेत." मी हो म्हणालो, उस्ताद. तिला चहा दिला.