सोफा नको, आधी दाढ

अगं,

दुकान उघडायच्या आत तिथे पोचायचं म्हणून तुला न उठवताच निघालो. सोफ्याचं बुकिंग रद्द करतोय. घराचा हप्ता भरतानाच नाकी नऊ येतात, त्यात हा दुसरा कशाला? लेकीच्या सासरचे आले तर जुन्याच खुर्च्यांवर बसतील. लेक फुगेल, पण तिला मी समजावतो, तू मध्ये पडू नकोस.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पैसे वाचावेत म्हणून तू दाढेचं दुखणं अंगावर काढतेस, आणि मी सोफ्याचे रंग निवडत बसलो!

अकरा वाजता दातांच्या डॉक्टरांकडे ये. ‘आता बरं वाटतंय’ म्हणशील, ठाऊक आहे. मी त्यांच्या दारातच उभा असेन. तू आल्याशिवाय हलणार नाही.