औटकीच्या पुढचं गणित

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच उरला नाही. तरी लिहायला बसले आहे. आज दुपारी घरात कुणी नाही, आणि बोलावंसं वाटतंय ते तुमच्याशीच.

नगरच्या शाळेत तुम्ही औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, इतकी घोटून घेतलीत की पुण्याला कॉलेजात गेले तरी ती जिभेवरून उतरेना. पहिल्याच महिन्यात प्रोफेसरांनी एका गणिताचं उत्तर विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, "औट, सर." त्यांना वाटलं, मी बाहेर जायची परवानगी मागतेय. 'गो, गो' म्हणाले, आणि मी मुकाट्याने गेले की हो बाहेर! वर्गात मुलगी मी एकटी. मेली पोरं पुढे कितीतरी दिवस मला बघून औट, औट करायची. दिवाळीच्या सुट्टीत हे सांगितलं, तेव्हा करंज्या लाटता लाटता तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग मलाही हसू आलं.

त्या वर्षीचं गणित तुम्हाला येत होतं. त्रिकोणमितीची उदाहरणं आपण चुलीपुढे बसून सोडवली, आणि पुष्कळदा उत्तर तुमचंच आधी यायचं. दुसऱ्या वर्षी, इंटरला, कॅलक्युलस आलं. तुम्ही माझं पुस्तक सुट्टीभर ठेवून घेतलंत आणि परत देताना म्हणालात, "अर्ध्यापर्यंत आले. आता पुढं तू जा." बी.ए.ला तर नवीनच तऱ्हा. उत्तर काढायचं नाही, उत्तर आहे एवढंच सिद्ध करायचं. तुम्ही विचारलंत, मग त्या असण्याचा उपयोग काय? मी समजावत बसले. कळलं नसेल तर माना डोलावू नका म्हणून आयुष्यभर आमच्यावर ओरडणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी मान डोलावलीत. बाई, ते मला अजून सलतं. वरच्या वर्गात जावं तशी बोलायला माणसं कमी होत गेली होती. तुम्ही उरला होतात, त्याही बाजूला झालात.

शेवटच्या परीक्षेआधी तुम्ही गेल्याचं कळलं. पास होऊन नगरच्या स्टेशनवर उतरले आणि पाय तुमच्या घराकडे वळले. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. घरी आई म्हणाली, "पास झालीस न्हवं, बास झालं." तिचंही बरोबरच होतं.

एक सांगू? त्या दिवशी मी जे समजावत होते, ते मलाही कळलेलं नव्हतं. पाठ केलेलं म्हणत होते. तुम्ही एकदा "नाही कळलं" म्हणाल, मग मीही म्हणेन, म्हणून वाट बघत होते.